एका वेळी एकच कारण

तिनं चहाचा कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. अडकलेल्या मेलच्या यादीत अकराव्या ओळीवर ताईचं नाव होतं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं जिथल्या तिथं. पत्ता कुठल्याशा झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानाचा होता, आणि विषयाच्या जागी लिहिलं होतं: 'अर्ज. डावा डोळा गेला, उजव्यासाठी.'

पंखा घरघरत होता. समोरच्या टेबलावरचा यंत्रवाला खुर्चीत रेलून काहीतरी टाइप करत होता. तिनं यादी वर सरकवली, खाली आणली, पुन्हा अकराव्या ओळीवर आली. नाव तेच होतं. पंधरा वर्षांत तिनं ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

डोळ्यांचं मोठं इस्पितळ ते. वर्षातून एकदा चाळीस गरजूंची शस्त्रक्रिया तिथं फुकट व्हायची. त्याचे अर्ज फक्त मेलनं घेत, आणि शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला कारभार आटपत. पाच म्हणजे पाच, तिथं देवाचंही चालायचं नाही. येणारा प्रत्येक मेल आधी चाळणीतून जायचा. चाळणी म्हणजे एक यंत्रच, पण त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. मेल फार जड असला, जोडपत्रं भलत्या प्रकारची असली, पत्ता संशयाचा वाटला, की चाळणी तो अडवायची. आत काय लिहिलंय ते वाचायची कुणालाच परवानगी नव्हती. दिसायचं ते एवढंच: कुणाचा, कुठून, विषय काय, जोडलंय काय आणि अडला कशानं. ज्याचा मेल अडला त्याला उत्तर लिहिणं हे तिचं काम. त्या उत्तराला सगळे परतपत्र म्हणत, आणि तिला परतबाई.

आणि परतपत्र लिहावं तर तिनंच! ती यायच्या आधी इस्पितळातून जायचं ते उत्तर म्हणजे नुसता आकड्यांचा गोंधळ. माणूस बिचारा डोकं खाजवत बसायचा, आपलं काय चुकलं त्याला जन्मात कळायचं नाही. तिनं पहिल्याच महिन्यात ते सगळं मोडीत काढलं. परतपत्राला तीन घरं असतात, ती म्हणायची. काय झालं, का झालं, आता काय करावं. तिन्ही घरांत दिवा लागल्याशिवाय पत्र बाहेर पडता कामा नये. आणि चार चुका असतील तर चारही एका दमात सांगायच्या. एक दुरुस्त करून आलात, बरं, आता दुसरी करा, असे हेलपाटे घालायला लावणं हा शुद्ध हलकटपणा आहे. हे तिचेच शब्द. नव्या माणसाला शिकवताना ती ते इतक्या तावातावानं सांगायची, की समोरच्याला वाटावं आपणच हलकटपणा केलाय.

शेवटी एक वाक्य ठरलेलं. 'खेप वाया गेली, पाय शाबूत आहेत, पुन्हा या.' साहेबांनी आधी नाक मुरडलं होतं, इस्पितळाच्या कागदात हे असलं बोलणं कशाला म्हणून. पण लोकांना तेच आवडलं. वाक्य तिच्या आईचं होतं. दुकान बंद होतं म्हणून पोरी रिकाम्या हातानं परत आल्या, की आई कधी चिडायची नाही. दोघींच्या पायांकडे बघून तेवढंच म्हणायची.

ताईच्या मेलमध्ये चार खोटी होत्या. तिला त्या एका नजरेत दिसल्या. तपासण्यांचे फोटो जड होते. पत्ता अर्जदाराचा नव्हता, दुकानाचा होता. विषयात केसपेपरचा क्रमांक नव्हता. चौथी खोट अजून झालेली नव्हती, पण होणार हे तिला माहीत होतं: आकार कमी करा असं मोघम सांगितलं, की दुकानवाले सगळ्या फाइली एका गठ्ठ्यात दाबून बांधतात, आणि असा बांधलेला गठ्ठा चाळणी उघडूनसुद्धा बघत नाही. म्हणून एरवी ती आवर्जून लिहायची, 'गठ्ठा बांधू नका, फोटो लहान करा.'

तिनं बोटं कळफलकावर ठेवली. नऊच. अंगठे धरले तर दहा व्हायला हवी होती, पण डावी करंगळी आकड्यासारखी आत वळलेली होती आणि ती कधी कामाला यायची नाही.

'नमस्कार. आपला अर्ज आमच्यापर्यंत पोचला नाही. कारण, सोबतच्या कागदांचा आकार फार मोठा आहे. कृपया आकार कमी करून पुन्हा पाठवा. खेप वाया गेली, पाय शाबूत आहेत, पुन्हा या.'

वाचून बघितलं. एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं पाठवून दिलं, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्या बुधवारी दुपारी तिला डबा कधी नव्हे एवढा गोड लागला.

पंधरा वर्षांपूर्वी अशीच भर दुपार होती. ती एक पिशवी घेऊन ताईच्या दारात उभी होती. नवऱ्याचं घर सोडून आली होती, कायमची, निदान तेव्हा तरी. जिन्यावर साबणाचा वास होता. दाराशी चपला-बुटांची रांग होती, त्यात पुरुषांचे दोन जोड. भावोजींचा एक, दुसरा कुणाचा तरी. तिनं कडी वाजवली. दार वीतभर उघडलं, आतली साखळी तशीच. फटीतून ताईचा अर्धा चेहरा दिसला.

"ताई, मी आलेय."

"आत्ता नको. जा."

"अगं पण…"

"जा म्हणते ना!"

आणि दार लागलं. काय झालं ते कळलं, का झालं ते नाही, आता काय करावं तेही नाही. पाहुणे आलेत, त्यांच्यासमोर पिशवी घेऊन आलेली बहीण नको, एवढाच अर्थ तिला लागला. पाठची बहीण, पाठीवरच्या धुळीसारखी झटकून टाकली! ती जिना उतरली, तासभर बसथांब्यावर बसली, आणि दुसरी जागाच ठाऊक नसल्यानं होती त्याच घरी परत गेली. नवरा तिच्यामागून अर्ध्या तासानं आला. बहिणीच्या दारातून हाकलली का, असं त्यानं हसत विचारलं, आणि करंगळी त्याच संध्याकाळी मोडली. आपण कुठं गेलो होतो हे त्याला न सांगता कळलं कसं, याचा तिनं फार विचार केला नाही. ताईनंच कळवलं असणार, दुसरं कोण?

त्या घरात तिनं आणखी चार वर्षं काढली. मग तोच निघून गेला. मधल्या काळात ताईची तीन पत्रं आली होती. तिन्ही पाकिटांवर तिनं 'घेण्यास नकार' असं लिहून, न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिली होती. का, ते लिहिलं नव्हतं. ज्याला दारातून हाकलतात त्यानं कारणं द्यायची नसतात, असं तिचं म्हणणं होतं.

दुसरा मेल बुधवारीच साडेचारला आला. गठ्ठा बांधून. तिला हसूच आलं. विषय होता: 'अर्ज पुन्हा. उजव्या डोळ्यासाठी. चूक झाली, माफ करा.'

"आपण पाठवलेली फाइल बांधलेल्या स्वरूपात आहे," तिनं लिहिलं. "अशा फाइली सुरक्षेच्या कारणानं आम्ही उघडू शकत नाही. कृपया प्रत्येक कागद सुटा पाठवा." खाली आईचं वाक्य. प्रत्येक परतपत्राच्या तळाशी एक छोटा प्रश्न आपोआप यायचा: 'हा निरोप उपयोगी पडला का? हो / नाही.' शेजारी चौकट, काही सांगायचं असेल तर. ती चौकटही तिचीच करणी. आधी चौकटीला मर्यादा नव्हती, तर एका निवृत्त गृहस्थानं आपल्या तीन सुनांची कुळकथा लिहून पाठवली होती. तेव्हा तिनं यंत्रवाल्याला सांगून तीनशे अक्षरांवर कुंपण घातलं. लोकांना पाल्हाळ लावायला काय, फुकटच असतं.

तिसरा मेल गुरुवारी दुपारी आला. कागद सुटे, लहान केलेले, एकाखाली एक. कुणीतरी मन लावून केलं होतं काम. विषय: 'अर्ज तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाले उजवा वर्ष काढणार नाही.'

ती ओळ तिनं दोनदा वाचली. पुढची यादी वर्षानंतर. म्हणजे या शुक्रवारचे पाच हेच काय ते पाच. ताई शिवणकाम करायची. सुईत दोरा ओवताना जीभ दातांत धरायची. धाकटीचे सगळे परकर तिनंच शिवले होते, आणि एकाच्या नेफ्यात गंमत म्हणून लाल दोऱ्यानं मांजर काढलं होतं. हे सगळं तिला आठवलं आणि तिचा हात थांबला. 'सोडा' असं लिहिलेलं बटण पडद्याच्या कोपऱ्यात होतं. किरकोळ खोट असली, की परतबाईनं आपल्या अधिकारात ते दाबावं अशी मुभा होती. त्या आठवड्यात तिनं ते बावीस वेळा दाबलं होतं.

मग तिनं करंगळीकडे बघितलं.

'आपला अर्ज एका दुकानाच्या पत्त्यावरून आला आहे,' तिनं लिहिलं. 'अर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरूनच धरला जातो. कृपया आपल्या नावानं मेलचा पत्ता उघडावा. तो कसा उघडावा याच्या पायऱ्या खाली देत आहोत.' आणि सात पायऱ्या दिल्या, लहान मुलालाही कळाव्यात अशा. केसपेपरच्या क्रमांकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी चौथा मेल आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नवा पत्ता, ताईच्या नावाचा. यंत्रवाला तिच्या खुर्चीमागून पाण्याची बाटली भरायला चालला होता, तो थबकला.

"ही बाई अजून घिरट्या घालतेय? चौथ्यांदा ना?"

"हं."

"अहो, तुम्ही तर सगळी कारणं एकदम सांगता. आम्हाला शिकवता तसं."

"या बाईंना एका वेळी एकच झेपतं."

"मग सोडून द्या की. नुसता केसपेपरचा नंबरच तर राहिलाय. माझ्या आजीचा असता तर मी…"

"तुझी आजी आहे का?"

"नाही."

"मग बाटली भर."

तो खांदे उडवून गेला. तिनं लिहायला घेतलं. 'विषयाच्या जागी फक्त केसपेपरचा क्रमांक असावा, अन्य मजकूर नसावा.' एरवी हे पत्र चार मिनिटांत जायचं. आज तिनं शब्द तपासले, पुन्हा तपासले, एक स्वल्पविराम काढला, परत घातला. चार वाजून छत्तीस मिनिटांनी पत्र गेलं.

पाचला चाळणीनं दार लावलं. साहेबांनी केबिनमधून डोकावून, "काय, सुटलो ना?" असं विचारलं, आणि सगळे हसले. ती हसली नाही, पण पिशवीही आवरायला घेतली नाही. पाच वाजून सात मिनिटांनी पाचवा मेल आला. पत्ता बरोबर, कागद सुटे, आकार नेमका, विषयाच्या जागी फक्त आकडे. उजवा डोळा नाही, डॉक्टर नाहीत, माफी नाही. खोट म्हणून काढायला काही शिल्लक नव्हतं. त्याला उत्तर यंत्रानंच दिलं. तेही तिनंच कधीतरी लिहून ठेवलेलं होतं, आणि साहेबांच्या मते तिचं सगळ्यात सुंदर पत्र तेच: 'आपण वेळेवर निघाला असाल, हे आम्ही जाणतो. मुदत संपली आहे. पुढील यादी एक वर्षानं. खेप वाया गेली, पाय शाबूत आहेत, पुन्हा या.'

झालं. फिटलं. ती घरी गेली, केस धुतले, आणि शनिवार-रविवार मेल्यासारखी झोपली.

सोमवारी सकाळी चौकटींचं वाचन असे. लोकांनी परतपत्रांच्या तळाशी जे काही लिहिलं असेल ते साहेबांपुढे मोठ्यानं वाचायचं. स्वतःची स्तुती स्वतः कशी वाचायची म्हणून हे काम यंत्रवाल्याकडे होतं. साहेबांनी आधी सांगून टाकलं, की चाळीसची यादी शनिवारीच डॉक्टरांकडे गेली, आता त्यात ब्रह्मदेवानंही ढवळाढवळ करू नये. मग खुर्ची मागं टाकून म्हणाले, "हं, वाच."

त्यानं चार-पाच वाचल्या. कुणी आभार मानले होते, कुणी शिवी दिली होती. कुणी नुसतंच 'ठीक' लिहिलं होतं.

"ही बघा, ती घिरट्यावाली बाई. पाचही निरोपांना 'हो' केलंय. उपयोगी पडला, हो, हो, हो… शेवटच्यालासुद्धा हो! आणि खाली लिहिलंय मोठं."

"वाच ना मग."

यंत्रवाल्यानं घसा साफ केला.

"'दुकानवाला लिहितोय, मावशींना वाचता येत नाही आता. त्या सांगतात, पहिल्याच निरोपाला ओळखलं. आईचं वाक्य. छान लिहितेस, कारण सांगतेस. मी सांगितलं नव्हतं. पत्रांत लिहिलं, ती परत आली. आता ऐक. दार उघडलं नाही कारण तो आधीच येऊन आत बसला होता. जा म्हणाले ते लांब पळून जा म्हणून. त्याच्या हातात'…"

तो थांबला. कागद उलटून बघितला.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"संपलं. तीनशे अक्षरं झाली."

"हातात काय पण?"

"तुटलंय साहेब. कुंपण आहे ना."

दोघांनी तिच्याकडे बघितलं, कारण कुंपण तिचं होतं. ती टेबलाची कड धरून उभी होती. पुरुषांचे दोन जोड. जिन्यावरचा साबणाचा वास. फटीतला अर्धा चेहरा; त्यातला एकच डोळा दिसत होता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता, मागं कुठंतरी वळत होता. हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि पंधरा वर्षं त्याला घमेंड म्हणत आली होती. आणि जा म्हटल्यावर गेली कुठं, तर त्याच्याच घरी. अगं आई गं!

"बरं वाटत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. म्हणजे, वाटतंय."

"नक्की कुणाला लिहिलंय म्हणायचं हे?" यंत्रवाला म्हणाला. "चुकून आपल्याकडे आलं असेल."

साहेब विचारात पडले होते. एखादी त्रुटी सापडली, की त्यांना हुरूप यायचा.

"मला सांगा, कुंपणापाशी लिखाण तुटतं, ते लिहिणाऱ्याला कळतं का?"

"नाही," यंत्रवाला म्हणाला. "त्याला वाटतं, सगळं पोचलं."

"म्हणजे ती बाई समजून चाललीय की आपण सांगून मोकळे झालो."

"हो."

"वा रे वा! अख्ख्या इस्पितळात हीच एक जागा, जिथं माणसाचं अडतं आणि आपण त्याला कळवत नाही. बाई, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं? एक परतपत्र लिहा इथंही. तुमच्या हातचं. दुपारपर्यंत द्या."

ती आपल्या जागी येऊन बसली. पंखा घरघरत होता. पडद्यावर नवं, कोरं पान उघडलं आणि तिनं सवयीनं तीन घरं आखून घेतली.

काय झालं: 'आपलं म्हणणं आमच्यापर्यंत अर्धंच पोचलं.'

का झालं: 'कारण आम्ही ऐकून घ्यायला जागा कमी ठेवली.'

आता काय करावं. तिथं ती थांबली. यंत्रवाला चहा ठेवून गेला, त्याच्यावर साय धरली. बारा वाजले, साडेबारा वाजले. साहेबांनी एकदा काचेतून बोटानं मनगट दाखवून विचारलं, झालं का? तिनं मान हलवून, होतंय, असं सांगितलं. तिसऱ्या घरात अजून एकही अक्षर नव्हतं.